जुन्या जिप्सीला दोन इंची लिफ्ट: एका दिवसाचं काम आहे का?

गाडीवेडा_कोथरूड
मंडळी, गाडी २००३ ची मारुती जिप्सी किंग, एमपीएफआय (इंजेक्शनचं पेट्रोल इंजिन), कापडी टपाची. आधीचे मालक भोरकडचे, शेतावर वापरलेली. इंजिन ठणठणीत, पत्रा बरा, पण गाडी मागून बसलीय आणि उजवीकडे कललीय. पावसाळ्यात मुळशी-ताम्हिणीच्या बाजूला जाणं होतं, तिथल्या खोल चाकोऱ्यांत पोट घासतं. टायर मूळ मापाचे, २०५/७० आर१५.
गाडी दोन इंच उंच करणारं लिफ्ट किट घ्यायचं डोक्यात आहे. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) चार संच, मूळपेक्षा इंचभर लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला टांगणाऱ्या हलत्या कड्या), शॉकअप, पाटा अॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट आणि रबरी बुश, सगळं एका खोक्यात. गॅरेजवाला म्हणतो सकाळी आणा, संध्याकाळी न्या. एका मित्राचं म्हणणं, किट कशाला, नुसते लांब शॅकल लाव. काय करावं?

वाचनमात्र
वाखु (वाचनखूण) साठवली. पुढच्या वर्षी हाच प्रश्न मी विचारणार होतो.

तात्या_पाटेवाले
सकाळी आणा संध्याकाळी न्या हे नव्या गाडीला. तुमच्या गाडीचा पहिला दिवस बोल्ट सोडवण्यातच जातोय, लिहून ठेवा. पाट्याच्या डोळ्यातून जो बोल्ट जातो तो बुशच्या आतल्या लोखंडी नळीला गंजून चिकटतो. पान्ह्याला पाइप लावून फिरवलात तर बोल्ट फिरतो, पण सोबत नळीपण फिरते आणि रबर नुसतं पिळतं. मग गॅस कटर. कटर लावला की बुशचं रबर पेटतं, तेव्हा पाण्याची बादली आणि वाळू जवळ ठेवा आणि ब्रेकचा होस, पेट्रोलची लाइन आधी ओल्या पोत्यानं झाकून घ्या. आठवडाभर आधीपासून रोज सगळ्या बोल्टांवर डिझेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारत राहिलात तर निम्मे तरी सरळ निघतील.

आता शॅकलचं. शॅकल पाट्याच्या एका टोकाला, अॅक्सल मधोमध. म्हणून शॅकल दोन इंच लांब केला तर गाडी एकच इंच उचलते. दोन इंच उंची नुसत्या शॅकलवर काढायची तर चार इंच लांब शॅकल लागेल. गाडी वळणावर आडवी डुलेल आणि पुढच्या चाकांचा कॅस्टर, म्हणजे चाक ज्या किंगपिनभोवती वळतं त्याचा मागचा झुकाव, जाईल तो वेगळाच. कसा जातो ते सांगतो. जिप्सीचा पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे. तो लांब झाला की पाट्याचं नाक खाली येतं, अॅक्सल पुढे झुकतो, किंगपिनचा वरचा भाग पुढे जातो. हातातलं स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, मालक खूश होतो. पण वळणानंतर ते आपणहून सरळ येत नाही आणि हायवेला गाडी भरकटते.

पण त्याही आधी एक विचारतो. गाडी बसलीय म्हणताय, ती किती बसलीय हे मोजलंत का?

गाडीवेडा_कोथरूड
मोजली नाही तात्या. जमिनीपासून बंपरपर्यंत मोजू का?

तात्या_पाटेवाले
तसं नाही. टायरची हवा आणि घासलेली नक्षी मापात शिरते. चाकाच्या मधल्या बिंदूपासून वर मडगार्डच्या कमानीच्या कडेपर्यंत मोजा, चारही चाकांना, गाडी सपाट फरशीवर, टाकी अर्धी. मोजायच्या आधी गाडी दहा-वीस फूट मागेपुढे घ्या, म्हणजे पाटे आपल्या जागी बसतात. मग मागच्या पाट्यांकडे बाजूनं बघा. रिकाम्या गाडीत पाटा सरळ पट्टीसारखा झाला असेल किंवा उलटा वाकला असेल तर तुमचं दुखणं उंचीचं नाही, म्हातारपणाचं आहे.

चंद्रपूरकर
तात्यांशी सहमत भाऊ. आमच्याकडे ताडोबाच्या गेटवर जिप्सींची रांगच लागते, सगळ्या गाड्यांवर मागे बाकडी टाकलेली. ड्रायव्हर, गाइड आणि मागे सहा पर्यटक, रोज दोन फेऱ्या. ह्या गाड्या बसतात म्हणून लोक मागे एक जास्तीचा पाटा टाकतात. त्यानं गाडी उचलते हे खरं, पण रिकामी असताना अशी उडते की पाठीचं भजं होतं. पाटा कडक करणं आणि गाडी उंच करणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही एकटे-दुकटे फिरणार, मागे वजन नाही. तुम्हाला उंच पण मऊ पाटा पाहिजे. दुकानदाराला विचारा, किट किती वजनासाठी बनवलंय. पुढे विंच, मागे लोखंडी बंपर अशा गाडीसाठी बनवलेला संच साध्या सॉफ्ट टॉपला लावला तर तो वाकतच नाही.

चिखल_पार्टी
इतकं काय घोळ घालताय. जिप्सीचा पाटा कंपनीतून अॅक्सलच्या खाली येतो. नव्या बैठका वेल्ड करून तो अॅक्सलच्या वर घ्या, पाच इंच फुकटात मिळतात. गोव्यात २०१४ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज स्पर्धा होते, तिथल्या गाड्या बघा. दोन इंचात काय मजा.

सॅमी_फिनिक्स
चिखल_पार्टी, फुकटात म्हणजे कोणाच्या खिशातून? मी इथे अॅरिझोनात आठ-नऊ वर्षं १९८७ ची सुझुकी सामुराई बाळगून आहे, म्हणजे आपल्या जिप्सीची आखूड बहीण. व्हीलबेस २,०३० मिमी, जिप्सीचा २,३७५. पाटा वर घ्यायचा प्रकार इकडे फार चालतो, म्हणून त्याचं पूर्ण बिल सांगतो. ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) इतकी तिरपी होते की खड्ड्यात चाक वर गेलं की स्टिअरिंग आपोआप फिरतं, म्हणून स्टिअरिंगची मांडणी बदला. ब्रेकचे होस लांब करा. प्रोपेलर शाफ्ट (अॅक्सलला इंजिनचा जोर नेणारे दांडे) आखूड पडतात, त्यांना स्पेसर किंवा नवे शाफ्ट. जोर लावला की अॅक्सल पाट्याला पीळ देतो, पाटा एसच्या आकारात वाकतो, त्यासाठी ट्रॅक्शन बार. आणि अॅक्सलच्या नळीवरचं वेल्डिंग नीट नसेल तर ती नळीच वाकडी होते. स्पर्धेची गाडी ट्रेलरवरून नेतात हो, ती रोज सकाळी कर्वे रस्त्यावर ऑफिसला नेत नाहीत.

उलटण्याचंही बघा. १९८८ मध्ये इथल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ मासिकाने सामुराई सहज उलटते म्हणून तिला ‘नॉट अॅक्सेप्टेबल’ ठरवलं होतं. सुझुकीने १९९६ मध्ये दावा लावला आणि तो २००४ मध्ये तडजोडीने मिटला. चाचणी बरोबर की चूक यावर इथे अजूनही भांडणं होतात. मात्र अरुंद गाडी उंच केली की तिचा तोल कमी होतो यावर भांडण नाही. भारतात १९९३ मध्ये वाइड ट्रॅक जिप्सी आली तेव्हा दोन चाकांमधलं अंतर ९० मिमीने वाढलं, पुढे १,३०० आणि मागे १,३१० मिमी झालं. धागाकर्त्याची गाडी त्या मापाची आहे, ते बरं आहे. कोणी त्याआधीची जुनी एमजी४१० घेऊन हा धागा वाचत असेल तर त्याने दोन इंचसुद्धा दोनदा विचार करून करावेत.

चिखल_पार्टी
बरं बरं. पण दोन इंच लिफ्ट करून डिफचा (अॅक्सलमधल्या डिफरेन्शियलचा) गोळा जमिनीपासून एक मिलिमीटरही वर जात नाही, हे पण सांगा की त्यांना.

सॅमी_फिनिक्स
हा मुद्दा शंभर टक्के बरोबर, आणि बहुतेकांना तो पैसे खर्च झाल्यावर कळतो. पाटे, शॅकल काहीही करा, अॅक्सल तिथेच राहतो. वर जाते ती चासी, पोट आणि बंपर. अॅक्सल वर न्यायचा उपाय एकच, मोठा टायर. २०५/७० आर१५ चा व्यास ६६८ मिमी येतो. २१५/७५ आर१५ चा साधारण ७०४, म्हणजे डिफ १८ मिमी वर. २३५/७५ आर१५ चा ७३४ च्या आसपास, म्हणजे ३३ मिमी वर. पण २३५ लावलात तर गिअरिंग दहा टक्के उंच होतं. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६ ने पळत असेल, आणि ताम्हिणीच्या चढावर १.३ लिटरचं इंजिन दुसऱ्यात रडेल. माझं मत २१५/७५. लिफ्टचा खरा उपयोग म्हणजे हा टायर मडगार्डला न घासता फिरावा, आणि लांब व्हीलबेसचं पोट उंचवट्यावर टेकू नये.

लाल_माती
रत्नागिरीहून. किट मागवण्याआधी चासी बघा, विशेषतः पाट्यांचे हँगर जिथे वेल्ड केलेत तो भाग आणि मागच्या चाकांच्या वरचा बॉक्स. आमच्याकडे खारा वारा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे वरून रंग चकचकीत आणि आतून पापड अशा चासी नेहमी बघायला मिळतात. एक छोटा हातोडा घेऊन ठोकत जा. ठण्ण वाजलं तर ठीक, थप्प वाजलं तर तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. आत गेला तर लिफ्टचे पैसे पत्रा-वेल्डिंगला द्या. नवे कडक पाटे सडक्या हँगरवर लावले तर पहिल्याच चढावर हँगर हातात येतो. चासी धुताना आतली गाळ-माती बाहेर यायची भोकंपण मोकळी करा. भातखाचरात फिरलेली गाडी असेल तर आत शेतच असतं.

कलम_५२
विषयात थोडा मिठाचा खडा टाकतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ वाचा. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळं होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. धागाकर्त्याची गाडी पंधरा वर्षं ओलांडून गेलीय, म्हणजे दर पाच वर्षांनी फिटनेसला उभी राहणार. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर टेप घेऊन येतो.
खचलेले पाटे काढून मूळ मापाचे नवे पाटे लावणं ही दुरुस्ती आहे, बदल नाही. ती बिनधास्त करा.

चिखल_पार्टी
आला वकील, संपला धागा.

तात्या_पाटेवाले
संपत नाही, उलट मुद्द्यावर आला. माझ्याकडं लिफ्ट मागायला येणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी निम्म्यांना नव्या मूळ पाट्यांवरच समाधान मिळतंय. दीड इंच गाडी बसलेली असते, ती परत उठली की मालकाला वाटतं लिफ्टच झाली.

गाडीवेडा_कोथरूड
मापं घेतली. पुढे दोन्ही बाजू जवळपास सारख्या. मागे उजवी बाजू डावीपेक्षा २८ मिमी खाली. मागचे पाटे तात्या म्हणाले तसे, पट्टीसारखे सपाट. उजव्या मेन पाट्याला डोळ्याजवळ बारीक चीर आहे. हातोड्याने चासी ठोकली, सगळीकडे ठण्ण.
कलम_५२ यांचं वाचून दोन रात्री विचार केला. किट घ्यायचं ठरवतोय. मूळ पाटे शोधले, पण पुण्यात जे मिळाले ते कुठल्या पोलादाचे, कोणी पाणी पाजलेले, याचा पत्ता नाही. जुनेच पाटे ठोकून परत कमान करून घ्यावी का?

तात्या_पाटेवाले
चीर गेलेला मेन पाटा तर भंगारच. बाकीचे थंड ठोकून कमान देतात, पण ते काही महिन्यांत परत बसतात, कारण पोलाद थकलेलं असतं. नीट करायचं तर पाटा भट्टीत लाल करून, साच्यावर कमान देऊन, तेलात विझवून, परत ठरावीक उष्णतेला नरम करावा लागतो. तेवढी सोय आणि तेवढा धीर असलेला कारागीर सापडला तर गोष्ट वेगळी. रस्त्याकडेला हातोडा आणि गॅस घेऊन बसलेला माणूस पाटा लाल करतो आणि तसाच सोडतो, तो पाटा मग मऊ पडतो नाहीतर काचेसारखा तुटतो.

किट घेताय तर बसवतानाचे मुद्दे सांगतो.

गाडी चासीवरून घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर नको. एका वेळी एकच अॅक्सल. प्रोपेलर शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही फ्लॅंज आणि स्प्लाइनवर (शाफ्टच्या सरकत्या दात्यांवर) छिन्नीची खूण करा. एक दात इकडे-तिकडे बसला तरी दोन टोकांचे क्रॉस एका रेषेत राहत नाहीत, मग गाडी थरथरते आणि तुम्ही दोष लिफ्टला देता. जिप्सीचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अॅक्सलला जोर वाटणारी पेटी) गिअरबॉक्सला जोडलेला नाही, वेगळा बसवलाय आणि मधे एक आखूड शाफ्ट आहे. त्या केसचे तीन रबरी माउंट जुने असतील तर ह्याच वेळी बदला. लिफ्टनंतर शाफ्टचे कोन वाढतात, त्यात केस हलत असेल तर थरथर कुठून येते ते शोधत महिने जातील.

जुने यू-बोल्ट परत लावू नका. एकदा ताणलेले आटे परत तेवढं धरत नाहीत. पाट्याचा सेंटर बोल्ट अॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात पूर्ण बसलाय का ते बोटानं चाचपा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी हवेत असताना घट्ट करायचे नाहीत. नुसते हातानं लावा. गाडी चाकांवर उतरवा, मागेपुढे हलवा, वजन पाट्यावर येऊ दे, मग आवळा. हवेत आवळलेलं रबरी बुश कायम पिळलेलं राहतं आणि पहिल्याच पावसाळ्यात फाटतं. नव्या किटचे बुश टिकत नाहीत म्हणून लोक ओरडतात ना, त्यातल्या बऱ्याच जणांचा प्रकार हाच असतो.

सॅमी_फिनिक्स
यात माझी भर. बसवून झालं की गाडी चासीवर उचलून अॅक्सल पूर्ण लोंबकळू द्या आणि खाली झोपून बघा. ब्रेकचा कुठला होस ताणला जातोय? पुढचे दोन, मागचा मधला. ताणला असेल तर लांब होस किंवा होसची पट्टी खाली घ्या. शॉकअप पूर्ण उघडून अॅक्सलचं वजन धरतोय का? तसं असेल तर तो आखूड आहे, लवकर मरेल. प्रोपेलर शाफ्टची स्प्लाइन किती आत उरलीय? मग एका बाजूचं चाक ठोकळ्यावर चढवा आणि उलटं बघा, शॉकअप पूर्ण मिटण्याआधी बंप स्टॉप (अॅक्सलला वर अडवणारं रबर) टेकतोय का. आधी टेकत नसेल तर बंप स्टॉप तेवढा खाली घ्या.
मागच्या अॅक्सलला दांडी जोडलेला एलएसपीव्ही (मागच्या वजनाप्रमाणे ब्रेक कमी-जास्त करणारा) व्हॉल्व्ह असेल तर तोही जुळवून घ्या. गाडी उंच झाली की त्याला वाटतं मागे वजन नाही आणि तो मागचा ब्रेक कमी करतो.
बुश रबराचेच घ्या. पॉलीचे टिकतात खरे, पण चिरचिर वाजतात आणि पाट्याचा पीळ अडवतात. किटमध्ये पॉलीचे असतील तर त्यासाठी मिळणारं ग्रीस भरपूर लावा.

वाचनमात्र
एवढं वाचून माझी गाडी आहे तशीच बरी वाटायला लागली.

गाडीवेडा_कोथरूड
काम झालं. एका दिवसात नाही, हे तात्यांना सांगायला नकोच. सहा बोल्ट कटरने गेले. उंची पुढे ५२ आणि मागे, जुन्या बसलेल्या मापाच्या तुलनेत, तब्बल ७५ मिमी वाढली. कल गेला. टायर २१५/७५, पूर्ण वळवूनही घासत नाहीत. मागचा ब्रेक होस ताणत होता, लांब लावला. स्टिअरिंग व्हील थोडं वाकडं आलं होतं, ते ड्रॅग लिंकची लांबी जुळवून सरळ केलं.
पण एक त्रास आहे. साठच्या पुढे डाव्या चाकाखाली खड्डा आला की स्टिअरिंग जोरात डावं-उजवं थरथरायला लागतं, ब्रेक मारून चाळिसावर आलं की थांबतं. स्टिअरिंग हलकं झालंय आणि वळणानंतर परत येत नाही. गॅरेजवाला म्हणतो चाकांचं बॅलन्सिंग करा. केलं. फरक नाही.

चिखल_पार्टी
स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचा झटका शोषणारा शॉकअप) बदला, थांबेल.

तात्या_पाटेवाले
डँपरनं थरथर झाकली जाते, जात नाही. आधी कारण शोधा, डँपर शेवटी.
गाडी पुढून उचला. चाकाला वर-खाली धरून हलवा. खडखड आली तर हब बेअरिंग किंवा किंगपिन बेअरिंग. कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. खडखड गेली तर हब, राहिली तर किंगपिन. मग डावं-उजवं हलवून टाय रॉडचे (पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) सांधे बघा. किंगपिनला शिम (पातळ चकत्या) असतात. जुन्या गाडीत बेअरिंग झिजून पकड सैल होते. टाय रॉड सोडून, टाय रॉडच्या भोकात स्प्रिंग काटा अडकवून ओढायचं, चाक किती जोरावर फिरायला लागतं ते बघायचं आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळेपर्यंत शिम कमी करायचे.
आणि कॅस्टर. किटचा पुढचा शॅकल लांब आहे, मी वर लिहिलं होतं तेच झालंय.

सॅमी_फिनिक्स
कॅस्टरला दोन वाटा आहेत. एक, पाटा आणि अॅक्सलच्या बैठकीत पाचर. जिप्सीत अॅक्सल पाट्याच्या वर बसतो, म्हणून पुढच्या बाजूला पाचरेचं जाड टोक पुढे. लोखंडी घ्या, अॅल्युमिनियमची चेंगरून बाहेर येते. पण पाचरेने किंगपिन मागे झुकला की डिफचं तोंडही खाली जातं आणि पुढच्या शाफ्टचा कोन बिघडतो. दोन, पुढे मूळ लांबीचे शॅकल परत लावा. अर्धा इंच उंची जाईल, पण बाकी काही बिघडणार नाही. मी दुसरी वाट धरेन.

तात्या_पाटेवाले
मी पण दुसरीच. मागं लांब शॅकल राहू दे.

गाडीवेडा_कोथरूड
पुढे मूळ लांबीचे शॅकल लावले, नवे बुश घालून. डाव्या किंगपिनचं खालचं बेअरिंग गंजलेलं निघालं. दोन्ही बाजूंची बेअरिंग बदलली, शिम जुळवले. एक्सप्रेसवेवर ऐंशीला हात सोडून बघितला, सरळ जाते. खड्ड्यावर थरथर नाही. यू-बोल्ट पहिल्या काही दिवसांनी परत तपासले, अर्धा फेरा सगळे आवळले गेले. ताम्हिणीच्या त्याच चाकोरीतून गेलो, पोट टेकलं नाही, डिफ मात्र एकदा दगडाला लागला, चिखल_पार्टी म्हणाले तसा. उंची वाढल्यामुळे वळणावर आता वेग कमीच ठेवतो, गाडी जास्त कलते हे पहिल्याच घाटात जाणवतं.

थार_२०१४
उशिरा आलो. माझी थार सीआरडीई आहे, हेच किट तिला चालेल का?

सॅमी_फिनिक्स
नाही. तुमच्या गाडीला पुढे पाटेच नाहीत, स्वतंत्र सस्पेन्शन आणि टॉर्शन बार आहे. तिथे लोक बारचा बोल्ट पिळून उंची काढतात. उंची मिळते, पण चाक खाली जायची जागा तेवढीच कमी होते आणि एक्सलच्या सांध्यांचा कोन वाढून त्यांचे रबरी बूट फाटतात. नवीन धागा काढा, सविस्तर लिहितो.

चंद्रपूरकर
कोथरूडकर, जुने पाटे काय केले? भंगारात दिले नसतील तर डाव्या बाजूचे मला द्या, एका गाडीला हेल्पर (जास्तीचा आधाराचा पाटा) म्हणून लागतील.

गाडीवेडा_कोथरूड
डाव्या मागच्या संचातले खालचे दोन चांगले आहेत, ते ठेवलेत. मेन पाटे नाही देत, दोन्ही कापून टाकले. पुण्यात कोणी येणार असेल तर निरोप करा.